वजन आणि शुक्राणू: पुरुषांनो, या चुका टाळा

मूल राहत नाही म्हटलं की आधी बायकोच्या तपासण्या सुरू होतात. तिच्या सोनोग्राफ्या होतात, रक्ताचे रिपोर्ट येतात, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी तेवढी 'बघू पुढे' म्हणून राहते. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. तेव्हा दोघांची तपासणी एकदमच करा.

आता वजनाचं. पोटावरची चरबी नुसती पडून नसते. तिच्यातलं अरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. ते वाढलं की मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात. शिवाय वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. जाड मांड्यांमध्ये ते दिवसभर दबून राहिले तर तो गारवा मिळत नाही.

सगळ्यात घातक चूक पुढे होते. वजन वाढलंय, थकवा आहे, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून कुणीतरी इंजेक्शन सुचवतं. किंवा जिममधला मित्र स्टेरॉइड देतो. अंगात तरतरी येते, दंड भरतात, आणि शुक्राणू मात्र घटत जातात, कधी थेट शून्यावर! बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं थांबवतो, आणि वृषणांच्या आत शुक्राणू बनवायला लागणारं टेस्टोस्टेरॉनच आटतं. बंद केल्यावरही सावरायला कित्येक महिने जातात. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन घेऊच नका. आधीच चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

दुसरी घाई म्हणजे उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवायचे आणि लगेच रिपोर्ट काढायचा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. आजच्या चालण्याचा, झोपेचा परिणाम तीन महिन्यांनी दिसेल. मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. फार बारीक असणंही चांगलं नाही.

वीर्याचा नमुना देण्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळा. घरून नेत असाल तर डबी शर्टाच्या आत, अंगाशी धरा आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवा. मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू हा खालचा संदर्भ आकडा आहे. एकदा कमी आला म्हणून खचू नका, पुन्हा तपासा.

आणि सगळं वजनावर ढकलू नका. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा शुक्राणू शून्य असतील तर वजन उतरायची वाट न बघता तज्ज्ञांना गाठा. बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही मूल राहिलं नाही की लगेच गाठा.