नव्या इंजिनाचं रनिंग-इन : या चुका टाळा

रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत नीट बसेपर्यंतचा सुरुवातीचा काळ. नवी गाडी घेतली की त्याबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. ‘पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचंच नाही,’ हा एक. ‘आताची इंजिनं कारखान्यातूनच तयार होऊन येतात, पहिल्या दिवसापासून बिनधास्त पळवा,’ हा दुसरा. दोन्ही ऐकू नका.

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंग करताना, म्हणजे ती कारखान्यात घासून घेताना, तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, त्यांत ऑइल टिकून राहतं. सुरुवातीला पिस्टनभोवतीची रिंग घासून या रेघांचे उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला चपखल बसते. तिला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः जळणाऱ्या वायूचा दाब. तो रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिनावर भार आलाच नाही, तर रिंग नीट बसायचीच नाही. आता हे उंचवटे कारखान्यातच बरेचसे उतरवतात. त्यामुळे रनिंग-इनचा काळ आखडला, पण संपला नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाडीला अति जपणं. पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकवायचा आणि महिनोन् महिने तसंच चालवायचं. दाब कमी पडला की रिंगच्या बाजूने ऑइल वर सरकतं, भिंतीवर भाजतं आणि तिथे चकचकीत थर धरतो. हा थर एकदा पक्का झाला की पुढे कितीही चांगलं चालवून सहसा जात नाही. इंजिन उघडून पुन्हा होनिंग करावं लागतं. गरम झालेल्या इंजिनाला मधूनमधून मध्यम जोर लावा, मग पाय उचलून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या.

हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून तासन् तास एकाच वेगाने जाणं हीसुद्धा चूकच. वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) बदलते ठेवा. वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडत ओढू नका, त्याचा ताण बेअरिंगवर येतो.

थंड इंजिन रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या लाल खुणेपर्यंत, नेणं तर नव्या-जुन्या कुठल्याच गाडीला मानवत नाही. त्यावर उपाय म्हणून दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करणंही बरोबर नाही. सुरू करा, अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत सावकाश चालवा.

किती किलोमीटर? बहुतेक मॅन्युअलमध्ये १००० ते १५०० लिहिलेलं असतं. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ या वेगवान मालिकेतल्या गाड्यांना तर २००० किलोमीटरच्या आसपास ऑइल बदलायला खास सर्व्हिस असते. मात्र सगळ्याच गाड्यांचं ऑइल घाईने बदलू नका. काही कंपन्या पहिलं ऑइल ठरल्या मुदतीपर्यंत ठेवायलाच सांगतात, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. नवे ब्रेक पॅड आणि टायरही पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

नवं इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खातं, त्याला घाबरू नका. पण डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची पहिल्या सर्व्हिसपर्यंत टाळूही नका. दर ५०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी बघा आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. काही हजार किलोमीटर झाल्यावरही ती झपाट्याने उतरत असेल किंवा धूर निळसर दिसत असेल, तर ही वही घेऊन वॉरंटीच्या मुदतीतच सर्व्हिस सेंटर गाठा.