कोकण किनाऱ्याचा टपाल इतिहास कसा जमवावा

कोकणचा टपाल इतिहास जमवू पाहणाऱ्याने पहिला नियम पाळावा तो हा, की तिकीट पाकिटावरून कधीही सोडवू नये. तिकिटाची माहिती कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळते. पण पत्र कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले आणि कधी पोहोचले, हे पाकिटावरचे शिक्केच सांगतात.

संपूर्ण किनारा एकदम हाती घेऊ नये. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले एवढा पट्टाही अनेक वर्षांना पुरतो. पाकीट मिळाले की दोन्ही बाजू भिंगातून पाहाव्यात. पुढे बहुधा रवानगीचा शिक्का असतो आणि मागे पोहोचल्याचा. या दोन तारखांमधील अंतर लिहून ठेवावे. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद होत आणि टपालाला घाटवाटेने जावे लागे. म्हणून मुंबईहून मालवणला मे महिन्यात आलेले पाकीट आणि जुलैत आलेले पाकीट शेजारी-शेजारी लावून पाहावे. एखाद्या सुट्या दुर्मीळ पाकिटापेक्षा अशी जोडी मला अधिक मोलाची वाटते.

शिक्का पुसट असेल तर काळ ठरवण्यासाठी अन्य खुणा उपयोगी पडतात. आण्यांऐवजी ‘नव्या पैशां’त किंमत छापलेली तिकिटे १ एप्रिल १९५७ किंवा त्यानंतरची असतात, पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ किंवा त्यानंतरचे असते आणि मालवणच्या पत्त्यात ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असेल तर ते १९८१ च्या आधीचे नसते. सावंतवाडीकडच्या घरांत डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्याहून आलेली, पोर्तुगीज भारताची तिकिटे लावलेली पाकिटेही सापडू शकतात. ती निराळी ठेवावीत.

मनीऑर्डरींकडे मात्र संग्राहकांचे दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते. टपाल खात्याने ही सेवा १८८० साली हाती घेतली आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या पैशांवर गावाकडची असंख्य घरे चालली. फॉर्मच्या खालची निरोपाची चिठी पैसे घेणाऱ्याकडे राही, तर सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. त्यामुळे चिठ्या गावच्या पेटाऱ्यात आणि पोच मुंबईच्या खोलीत शोधावी लागते. दोन्ही एकत्र मिळणे हे मोठे भाग्य.

किनाऱ्याच्या दमट हवेत कागदाला बुरशी आणि कसर लवकर लागते. पाकिटे पीव्हीसीच्या पिशव्यांत न ठेवता आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या आवरणात ठेवावीत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. नोंदी पाकिटावर न करता वेगळ्या कागदावर पेन्सिलीने कराव्यात, आणि कुटुंबाचे खाजगी पत्र कोणाला दाखवण्यापूर्वी त्या घराची परवानगी घ्यावी.