नागपुरात वस्तीतल्या पोरांसोबत काम करायला येताय? मग पहिला महिना असा काढा

मी साताऱ्याची. एका संस्थेकडून वर्षभरासाठी म्हणून एप्रिलमध्ये नागपूरला आले, आता दुसरं वर्ष चालू आहे, आणि नवीन येणारे सगळे मला हेच विचारतात की तिकडे रुळायला किती दिवस लागतात. माझं उत्तर असं की पहिला महिना कुणाला काही शिकवायला जाऊच नका. तुम्हाला या शहराचं काही माहीत नसतं आणि पोरांना सगळं माहीत असतं, तर त्यांनाच तुम्हाला शिकवू द्या. रुळणं पण तिथूनच होतं आणि काम पण.

आधी खोलीचं. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि रात्री 11 वाजता पण भिंत हाताला गरम लागते. घरमालकांना विचारून घ्या की नळ किती वाजता येतो, खिडकीला कूलर बसतो का आणि लाईटचं मीटर वेगळं आहे का. खोली मेट्रोजवळ मिळाली तर उत्तम. एक लाईन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, दोन्ही सीताबर्डीला मिळतात, लोक नुसतं बर्डी म्हणतात, तर बर्डीपासून चारही दिशा एकदा फिरून या म्हणजे शहर डोक्यात बसतं.

आता कूलर. मी जुना घेतला होता, हवा भरपूर फेकायचा पण गारवा काही नाही. वस्तीतला नववीतला एक पोरगा, जो तोवर नुसता दाराशी उभा राहायचा आणि काही विचारलं की पळायचा, तो माझं बोलणं ऐकून स्वतःहून घरी आला. बाजूची जाळी काढली, आतलं गवत ओलं होऊन खाली बसलं होतं ते मोकळं करून सारखं पसरलं, मग वरून पाणी पडायची भोकं खराट्याच्या काडीनं एकेक साफ केली. पंधरा-वीस मिनिटं एक शब्द नाही. शेवटी म्हणाला, "ताई, खिडकी थोडी उघडी ठेवजा, हवेले निघाले जागा पायजे ना. अन् आठ दिवसांनी टाकी रिकामी करजा, नाहीतर डेंगूचे मच्छर होते." त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला, कारण त्याच्याकडे मला द्यायला काहीतरी होतं. म्हणून सांगते, मदत मागा, मनापासून मागा, भाजी कुठून घ्यायची, पंक्चर कुठे काढायचं, सगळं पोरांना विचारा.

वेळापत्रक तर आधी ठरवूच नका. मी दुपारी 4 चा इंग्रजी बोलायचा वर्ग लावला होता, सहा दिवस कुणी आलं नाही आणि मला वाटलं पोरांना गरजच नाही. अहो मे महिन्यात 4 वाजता इथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही! पोरं बाहेर पडतात उन्हं उतरल्यावर नाहीतर मग पहाटे. पहाटेचं मला खूप उशिरा कळलं, वस्तीतली मोठी पोरं-पोरी 5 वाजता मैदानावर पोलीस भरतीची तयारी करायची, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मी नुसती मोबाईलवर वेळ लावायला जायला लागले. धावून झाल्यावर बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत बसायचे तिथे मलाही बोलावलं, आणि गणिताचा पहिला प्रश्न तिथे विचारला गेला. शाळांचं पण लक्षात ठेवा, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी, म्हणजे सुट्टीतला कार्यक्रम इथे जास्त दिवस चालतो.

भाषेचं थोडं. एकदा एका पोरीचा फोन आला, "ताई, मी तुमच्या घरी येऊन राहिली." मी घाबरले, हिच्या घरी भांडण झालं की काय, ही राहायला आली की काय. ती फक्त येत होती. करून राहिला, जाऊन राहिली हे सगळं असं. सांबार म्हणजे कोथिंबीर, पोट्टे म्हणजे पोरं, काऊन म्हणजे का. पहिल्या आठवड्यातच त्यांची नक्कल करू नका, चिडवल्यासारखं वाटतं, कानावर पडू द्या, आपोआप तोंडात येतं. आणि सर-मॅडम नको, ताई-दादाच म्हणायला सांगा.

खाण्याची काळजी नको, सकाळी तर्री पोहे मिळतातच, सावजी, म्हणजे इथलं झणझणीत तिखट मसाल्याचं जेवण, मात्र जपून, सवय नसेल तर आधी रस्सा चाखून बघा.

सण आले की पोरांच्या मागे जायचं. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार येतात, सुट्टे पैसे जवळ ठेवा. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते, काळी आणि पिवळी मारबत म्हणजे बाईचे मोठे पुतळे, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि ते बडगे गावातल्या ताज्या प्रश्नांवर असतात, पोरांना कशाचा राग येतो ते तिथे कळतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा घेतली ती ही जागा, वस्तीतली पोरं तिथे पाणी वाटायला जातात, तुम्ही पण ग्लास धुवायला बसा.

काही गोष्टींत मात्र ढिलाई नाही. सहलीला न्यायच्या आधी आईवडिलांना घरी जाऊन भेटा. पोरांचे फोटो न विचारता टाकू नका. एकट्या मुलाला खोलीवर बोलावू नका, माझ्या कूलरच्या वेळी त्याची आई दारात बसली होती. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ पाहिजे, आणि 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, आपल्यात मिटवायचं नाही.

अजून एक, तुम्ही किती दिवस आहात ते पहिल्याच दिवशी सांगा. या पोरांनी खूप ताई-दादा येऊन न सांगता गेलेले बघितलेत. मी दिवाळीला गावी जाताना अभ्यासिकेच्या फळ्यावर परत यायची तारीख लिहून गेले होते. आले तेव्हा बाकी फळा पुसलेला, तारीख तशीच, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "ताई, कंदी पेढे आणजा."