मराठवाड्याच्या उन्हात जुनी इटालियन घडणीची स्कूटर कशी सांभाळावी

मराठवाड्यात ज्याला जुनी इटालियन दुचाकी बाळगण्याची हौस आहे, त्याच्या हाती इटलीत बनलेली गाडी क्वचितच लागते. लागते ती इटालियन आराखड्यावर आपल्या देशात घडलेली स्कूटर. वेस्पा या इटालियन स्कूटरच्या परवान्यावर बनलेली बजाज 150, त्याच घडणीची 1972 साली आलेली चेतक, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया, किंवा लॅम्ब्रेटा या दुसऱ्या इटालियन स्कूटरच्या घराण्यातली लखनौची विजय सुपर, अशा या गाड्या आहेत. वेस्पाच्या घराण्यातल्या गाड्या आपल्याकडे अधिक सापडतात आणि माझ्याकडेही वडिलांनी परभणीला नोकरीत असताना घेतलेली 1974 ची चेतक आहे, म्हणून येथील सूचना मुख्यतः त्या गाड्यांना लागू पडतात.

गाडी घेण्यापूर्वी तिची घडण समजून घ्यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या पोंतेदेरा येथील पियाजिओ या विमाने बनवणाऱ्या कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने वेस्पा आखली आणि 1946 साली तिचे पेटंट घेतले गेले. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले आहे, इंजिन मागच्या चाकालगत उजवीकडे असल्यामुळे साखळी नाही, आणि लोखंडी नळ्यांची वेगळी चेसिसही नाही. घडवलेला पत्रा हीच चेसिस आहे. खरेदी करणाऱ्याने ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त लक्षात ठेवावी, कारण मोटारसायकलचा मडगार्ड गंजला तर तो बदलता येतो, पण येथे पायाखालचा पत्रा गंजला म्हणजे गाडीचा कणाच गंजला.

म्हणून चकाकणाऱ्या रंगाला भुलू नये. खिशात एक लहान चुंबक ठेवावे आणि ते पायाखालच्या पत्र्यावर, समोरच्या ढालीच्या खालच्या वळणावर आणि मागच्या ब्रेकच्या पॅडलभोवती फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. गाडी आडवी करून खालची बाजूही पाहावी. आपली काळी माती पावसाळ्यात तळाला चिकटते, वाळून घट्ट बसते आणि पुढच्या पावसात पुन्हा ओल धरते. पायाखालच्या पट्ट्यांच्या आतही हेच घडते. त्यामुळे वरून निर्दोष दिसणारी गाडी खालून चाळणी झालेली असू शकते. माझ्या मते रंग उडालेली, पण पत्रा शाबूत असलेली गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा नेहमीच जास्त मोलाची असते.

पत्र्याइतकीच महत्त्वाची आहेत ती कागदपत्रे. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि तो नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा. इंजिन क्रमांकही पाहावा, कारण या गाड्यांची इंजिने मधल्या काळात सर्रास बदलली गेली आहेत. नोंदणीची 15 वर्षांची मुदत कधीच उलटलेली असते, त्यामुळे ती दर 5 वर्षांनी नूतनीकरण केलेली आहे का आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हे विचारावे. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीही मिळते. मात्र तिचे शुल्क 20,000 रुपये असून अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करत राहावे, असा माझा सल्ला आहे.

आता इंजिनाकडे वळू. हे दोन-स्ट्रोक इंजिन 57 मिलिमीटर व्यासाच्या आणि तितक्याच स्ट्रोकच्या पिस्टनचे, म्हणजे सुमारे 145 सीसीचे आहे, आणि त्याला पिस्टनसाठी वेगळी तेलाची टाकी नाही. पेट्रोलात मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण आहे. प्रमाण 2 टक्के, म्हणजे लिटरमागे 20 मिली टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचे) तेल. सिलिंडर आतून कापून नवे बोअर केल्यावर पहिले 500 किलोमीटर मी 30 मिली घालतो. चारचाकीचे किंवा चार-स्ट्रोक मोटारसायकलचे तेल येथे कधीही वापरू नये. पूर्वी प्रत्येक पंपावर तेलाचे यंत्र असे, आता ते बहुतेक ठिकाणी दिसत नाही, म्हणून तेलाची बाटली आणि मोजण्याचे झाकण डिकीत असलेच पाहिजे. टाकीत आधी तेल ओतावे आणि मग पेट्रोल भरावे, म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते चांगले मिसळते. गिअरबॉक्सचे तेल निराळे असते: एसएई 30 दर्जाचे, सुमारे 250 मिली.

तेल पेट्रोलाबरोबरच येते, याचा एक परिणाम अनेक जुन्या चालकांनाही ठाऊक नसतो. खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल जवळजवळ येत नाही आणि पेट्रोल येत नाही म्हणजे तेलही येत नाही. तापलेल्या पिस्टनला त्या क्षणी वंगणाची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर थोडा उघडावा, म्हणजे तेलाचा घोट आत जातो.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या पुढे राहतो आणि हे इंजिन केवळ हवेने थंड होते. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या, चाकावरची पाती हवा ओढतात आणि पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरच्या खाचांवर सोडतात. हे आवरण सैल झाले, त्याचा स्क्रू पडला किंवा खाचांमध्ये धूळ व तेलाचा थर बसला, तर हवा वाया जाते. आवरण काढून ठेवल्याने इंजिन जास्त थंड राहते हा समज पूर्ण चुकीचा आहे. आवरणाशिवाय वारा सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी खाचा ब्रशने आणि रॉकेलने साफ कराव्यात, तसेच एअर फिल्टरची जाळी पेट्रोलात धुऊन वाळवावी. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत ही जाळी दर महिन्याला पाहणे योग्य ठरते.

पण इंजिन जाम होण्याचे मुख्य कारण मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये ऊन नव्हते, तर क्रँकची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची, ऑइल सील होती. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात आणि त्या फाटल्याची लक्षणे वेगवेगळी असतात. क्लचच्या बाजूची सील गेली की गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाते: दाट पांढरा धूर सुटतो, प्लग काळा व ओला होतो आणि गिअरबॉक्समधले तेल कुठेही गळती न दिसता कमी होत जाते. मॅग्नेटच्या बाजूची सील गेली तर मात्र धूर दिसत नाही. बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही इंजिन आपोआप जोरात फिरू लागते आणि प्लग पांढरा पडतो. या दुसऱ्या प्रकारात गाडी काही दिवस नेहमीपेक्षा चपळ वाटते, म्हणून चालक निश्चिंत राहतो आणि एका दुपारी पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

माझ्या बाबतीत हेच घडले. जालना ते अंबड रस्त्यावर मे महिन्यात गाडी अचानक थांबली आणि किक जागची हलेना. त्यापूर्वी दोन आठवडे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा आवाज चढलेला होता, तो मी एका गॅरेजमध्ये दाखवलाही होता, आणि तेथे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आवाज तेवढा कमी करून दिला गेला होता. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: आवाज आपोआप चढला तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी प्लग काढून पाहायचा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढरा असेल तर गाडी पुढे न चालवता हवेची गळती शोधायची. इंजिन कोणत्याही कारणाने उघडले, तर दोन्ही सील त्याच वेळी नव्या बसवून घ्याव्यात, कारण सीलची किंमत नव्या बोअरच्या मानाने अगदीच किरकोळ असते.

मॅग्नेट काढण्याची वेळ आली तर पुलर, म्हणजे ते खेचून काढण्याचे हत्यार, वापरावा. हातोडीने ठोकून मॅग्नेट सोडवणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी त्याच्या हाती गाडी देऊ नये, कारण त्या घावांनी चुंबक दुबळे होते आणि क्रँकही वाकते. पॉइंटचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचे, अंतर मात्र मॅग्नेट न काढता त्याच्या खिडकीतून तपासता येते, ते 0.3 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असावे, आणि प्लगचे अंतर सुमारे 0.6. गाडी थंड असताना सुरू होते, पण तापल्यावर बंद पडून पुन्हा किक घेत नाही, तेव्हा पहिला संशय पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर घ्यावा. गिअर टाकताच निसटून न्यूट्रलला जात असेल, तर केबल ताणून पाहावी. त्यानेही फरक पडत नसेल, तर गिअरबॉक्समधला गिअर पकडून ठेवणारा क्रॉस नावाचा भाग झिजला आहे असे समजावे.

अलीकडे पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असते. आपल्या भागात ऊसही आहे आणि साखर कारखानेही, त्यामुळे इथेनॉलचे आपल्या शेतीशी असलेले नाते मी जाणतो. परंतु जुन्या गाडीच्या मालकाने त्याचा स्वभावही जाणून घेतला पाहिजे. इथेनॉल हवेतली ओल शोषते, उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि आतून गंज धरतो. जुने रबर त्याने फुगते व ठिसूळ होते. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकमधले (टाकीच्या तोटीतले) रबर इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवावे. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीही रिकामी करावी. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीला एकदम किक मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी तेल सोडावे, किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन फिरवावा आणि मगच गाडी सुरू करावी. याहून चांगला उपाय असा की गाडी उभी ठेवूच नये. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चाललेल्या स्कूटरला यांतले बहुतेक आजार होत नाहीत.

टायर बदलताना एका धोक्याकडे लक्ष वेधणे मी कर्तव्य समजतो. या गाड्यांचे रिम दोन भागांचे असते. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना दुसऱ्या प्रकारचे नट सोडले तर रिमचे भाग जोराने उडतात आणि माणूस कायमचा जखमी होऊ शकतो. आधी हवा संपूर्ण काढावी, व्हॉल्व्हची पिनही काढावी, आणि त्यानंतरच पाना लावावा.

वार्षिक कामासाठी दसऱ्यापूर्वीचा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. पाऊस ओसरलेला असतो आणि पूजेसाठी गाडी धुतली जाणारच असते. त्याच वेळी पायाखालच्या पट्ट्या काढून आतली माती खरवडावी, उघडा पडलेला पत्रा गंजरोधक रंगाने झाकावा, गिअरबॉक्सचे तेल बदलावे, केबलींना तेल द्यावे आणि सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बन काढावा. चढावर गाडीचा दम कमी झाला असेल, तर कित्येकदा इंजिनात काहीही दोष नसतो, फक्त सायलेन्सर तुंबलेला असतो.

हे सर्व एकट्याने निभावणे कठीण आहे, आणि या बाबतीत छत्रपती संभाजीनगर आणि परिसरातले हौशी लोक भाग्यवान आहेत. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यामुळे या यंत्रांवर आयुष्य घालवलेली निवृत्त मंडळी शहरात आहेत. त्यांच्याकडे शिकायला जाताना आपली गाडी फुकट दुरुस्त होईल या अपेक्षेने जाऊ नये. इंजिन उघडले जात असताना शेजारी बसून पाहावे, सुटे भाग काढल्या क्रमाने कापडावर मांडावेत, आणि त्यांनी सांगितलेले त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. आम्हा हौशी स्कूटरवाल्यांत मॅग्नेटचा पुलर आणि क्लच दाबण्याचे हत्यार सर्वांच्या वर्गणीतून घेतलेले आहे. ज्याने नेले त्याने ते पुसून, तेल लावून परत करायचे असते. ऑइल सील, पॉइंट आणि कंडेन्सर आम्ही पुण्याहून एकत्र मागवतो, आणि प्रत्येक सील वाटण्यापूर्वी तिची कडा बोटाने दाबून पाहतो, कारण वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले रबर पाकिटात नवे दिसले तरी कडक झालेले असते. अशी सील इंजिनात न घालता तेथेच कापून टाकतो, म्हणजे ती चुकूनही दुसऱ्याच्या गाडीत जात नाही.