कुली लोचची टाकी: आधी तळ, मग बाकीचं

कुली लोच जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरचा, गांडुळासारखा बारीक मासा. आग्नेय आशियातल्या संथ, सावलीतल्या ओढ्यांत कुजक्या पानांच्या थराखाली आणि मऊ वाळूत तो राहतो. त्यामुळे टाकी लावताना खरी मेहनत तळावर घ्यायची.

७५ × ३० सेंटिमीटर तळाच्या टाकीत ४ सेंटिमीटर थरासाठी ९ लिटर, म्हणजे साधारण १४-१५ किलो कोरडी वाळू लागते. कण १ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत आणि धारदार तर अजिबात नकोत. हा मासा वाळूत तोंड खुपसतो, घास घेतो, खाण्यासारखं तेवढं ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. खडबडीत खडीवर हे करताना मिशा झिजतात, जखमा चिघळतात आणि अन्न शोधणंच अवघड होतं. आणलेल्या वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे. पाण्यात क्षार वाढून ते जड होईल, ती वापरू नका. चांगली वाळू वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

मोठे दगड आधी थेट काचेवर ठेवा, वाळू नंतर पसरा. उलट केलंत तर मासे दगडाखाली पोखरतात आणि दगड त्यांच्यावरच बसतो. वर लाकडाची मुळं आणि देशी बदामाची ३-४ वाळलेली पानं टाका. पानं आधी दिवसभर भिजवली की बुडतात. पाण्याला चहासारखा रंग येतो, त्याची काळजी नको. पानाच्या नुसत्या शिरा उरल्या की नवीन घाला.

फिल्टरच्या नळीच्या तोंडावर स्पंज हवाच. नाहीतर मासे आत शिरतात आणि टाकी रिकामी दिसू लागते. झाकणातल्या फटीही बुजवा.

मासे आणण्याआधी फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जाऊ द्या. या काळात त्यांना थोडा अमोनिया मिळत राहिला पाहिजे. शेवटी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. तापमान २४ ते २८ अंश, पीएच (पाण्याची आम्लता) ५.५ ते ७.

किमान सहा मासे एकत्र आणा. एकटादुकटा लोच दिवसभर दडून बसतो आणि खायलाही धड बाहेर येत नाही. खाद्य दिवा मालवल्यावर द्या: बुडणाऱ्या गोळ्या, अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). दिवसा दिलेलं सगळं टाकीतले वर पोहणारे इतर मासे फस्त करतात, आणि लोच वाळत चाललेत हे फार उशिरा ध्यानात येतं.

एखादा लोच वर झेपावून हवेचा घोट घेताना दिसला तर घाबरू नका. तो आतड्यातूनही श्वास घेऊ शकतो. सगळेच सारखे वर येऊ लागले तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी झालाय किंवा पाणी बिघडलंय. लगेच तपासणी करा आणि एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्याच तापमानाचं असू द्या.

पकडताना जाळी टाळा. डोळ्याखालचा काटा धाग्यांत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. पारदर्शक बरणी आडवी धरून आत हाकला. खवले अगदी बारीक असल्याने तांबं असलेली औषधं त्याला झेपत नाहीत. आजारी माशावर उपचार करण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा.