सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचा फोटो टाकण्याआधी काय करावं

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची अकरा सेकंदांची क्लिप आली. पार्किंगमध्ये एक पोरगा बाइकजवळ वाकलेला. खाली ओळ: ‘हा दोन दिवस फिरतोय, सावध राहा, पुढे पाठवा.’ मी पाठवली. एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर, एकदा शेजारच्या सोसायटीत. सकाळी वॉचमनकाकांनी क्लिप बघून कपाळाला हात लावला. तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा भाचा होता. गाठोडं खाली ठेवून चपलेचा पट्टा लावत होता.

तेव्हापासून काहीही पुढे ढकलण्याआधी मी जे करतो, ते क्रमाने सांगतो.

आधी मोबाइल खाली ठेवा. दहा मिनिटं पुरतात. खरंच चोर शिरला असेल तर ग्रुपवर लिहीत बसण्यापेक्षा इंटरकॉमवरून गेटला फोन लावणं जास्त उपयोगाचं. आणि ‘लगेच पुढे पाठवा’ असं ज्यावर लिहिलंय, तो मेसेज तर हमखास थांबवा.

मग बाण बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर तो मूळ माणसापासून तुमच्यापर्यंत किमान पाच हातांतून आला आहे. म्हणजे पाठवणाऱ्या काकूंनी तो पाहिलेला नाही, त्यांनाही तो आलेलाच आहे. ‘काकू, हे कुणी काढलं?’ एवढं विचारलं तरी निम्मे मेसेज तिथेच गळतात. मात्र हे त्यांना वेगळ्या मेसेजमध्ये विचारावं. चारचौघांत विचारलं की काकू दुखावतात आणि मेसेजचा खरेपणा बाजूलाच राहतो.

जागा तपासा. इथे ठाणेकरांना एक सोय आहे. मानपाड्यात आज पाणी तुंबलं म्हणून व्हिडिओ आला आणि रस्त्यात मेट्रोचे खांबच नाहीत, तर तो मेट्रोचं काम सुरू होण्याआधीचा किंवा भलत्याच गावचा. उभ्या रिक्षांच्या नंबरप्लेट वाचा: एमएच ०४ ठाण्याची, एमएच ४३ नवी मुंबईची. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत तेही बघा. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्सला द्या. तोच व्हिडिओ आधी कुठे फिरला असेल तर बऱ्याचदा सापडतो.

बिबट्याच्या बाबतीत जरा जास्त जपून. येऊरचं जंगल उशाशी असल्यामुळे आपल्याकडे तो खरोखर येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलच्या सीसीटीव्हीत दिसला होता. म्हणून हसण्यावारी नेऊ नका, पण खात्री न करता सगळ्या ग्रुपांवर ओतूही नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

फोटोतला माणूस कोण, हे स्वतःला विचारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि आपण नेमकं हेच गाळतो. ज्याचा फोटो आहे तो बहुतेक वेळा त्या ग्रुपमध्ये नसतो. कामवाल्या मावशी, डिलिव्हरीचा मुलगा, भंगारवाला, कुणीच नाही. आपण त्यांच्याबद्दल बोलतो आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठार मारली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी मोबाइलवरून फिरत होती. ती माणसं भिक्षा मागायला आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. आमची अकरा सेकंदांची क्लिपही त्याच जातीची होती. फक्त आमच्याकडे जमाव जमला नाही.

संशय असेल तर क्लिप फक्त सेक्रेटरी आणि गेटवर दाखवा. ‘चोर’ हा शब्द तुम्ही ठरवायचा नाही. गुन्हा दिसत असेल तर ११२, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०.

लहान मुलांबाबत कायदाच कडक आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाची ओळख पटेल असं काहीही उघड करायला पॉक्सो कायद्याची मनाई आहे. नाव आणि फोटोच नाही, शाळा आणि शेजारसुद्धा. ‘आपल्याच सेक्टरमधली आहे’ एवढंही लिहू नका. हरवलेल्या मुलाच्या मेसेजवर तारीख आणि पोलीस ठाणं नसेल तर तो पुढे जाऊ देऊ नका. मूल केव्हाच घरी पोचलेलं असतं आणि आईवडिलांचे फोन वाजत राहतात.

अ‍ॅडमिन असाल तर घाबरून ग्रुप बंद करायची गरज नाही. सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. पण कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय तुमच्या हातात आहे. ती वापरा.

आणि चुकलंच तर नुसतं डिलीट करून गप्प बसू नका. मेसेज तुमच्या ग्रुपवरून जातो, पुढे गेलेल्या प्रती राहतात. जिथे जिथे पाठवलंत तिथे तिथे लिहा: ‘मी काल पाठवलेली क्लिप चुकीची होती. तो मुलगा आपल्या ओळखीचा आहे, कामाला आला होता. पुढे पाठवली असेल तर तिथेही कळवा.’ ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ वगैरे नको.

मी लिहिलं तेव्हा ग्रुपवर सतरा अंगठे आले. भाच्याला ते दिसणार कसे? संध्याकाळी टपरीवर गेलो, त्याच्याशी बोललो. तो मान खाली घालून शर्टाची कॉलर दाबत राहिला. पुढचे दोन आठवडे आमच्या बिल्डिंगचे कपडे त्याचा मामाच आणून देत होता.