पझल सुटतात, पण डावात तेच दिसत नाही? मग हे करून बघा

बुद्धिबळाचं पझल, म्हणजे पटावरची एखादी मांडणी आणि त्यातली जिंकणारी चाल शोधायची, समोर आलं की आपल्याला आधीच माहीत असतं की इथे काहीतरी दडलंय, फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) असेल, पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे हलता न येणारं मोहरं) असेल, नाहीतर थेट मेट म्हणजे मात, म्हणून आपण शोधत बसतो आणि सापडतंही. खऱ्या डावात मात्र कोणी कानात येऊन सांगत नाही की थांब, आत्ता बघ. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पझल्स आणि गाजलेले डाव हे दोन्ही सोबत करायचे, कारण पझलने नजर तयार होते आणि ती पोझिशन मुळात तयार कशी झाली ते डाव बघूनच कळतं.

आधी पझल्सचं बोलू. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर सगळी पझल्स फुकट आहेत आणि थीम निवडता येते, तर सुरुवातीला एकच थीम घ्या, एका चालीत मात, मग बॅक रँक (शेवटच्या ओळीत अडकलेल्या राजावर मात), मग फोर्क, मग पिन, असं. रोज दहा-पंधरा पुरेत. एका थीमची पन्नासेक झाली की मिक्स करा, कारण थीमचं नाव दिसतं तोवर अर्धं उत्तर हातात असतं. तीन मिनिटांत जमतील तेवढी सोडवायचा जो प्रकार असतो ना, तो सुरुवातीला नकोच, त्यात हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं.

सोडवताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालींची पूर्ण मालिका डोक्यात दिसेपर्यंत चाल करायची नाही. आधी सगळे शह बघा, अगदी वेडगळ वाटणारेसुद्धा, मग कोणाला मारता येतंय ते, मग धमक्या. आणि प्रत्येक वेळी समोरच्याची सर्वात चांगली चाल शोधा, आपल्याला सोयीची नाही. शह वेडगळ का होईना बघायचा म्हणतोय त्याचं उदाहरण म्हणजे स्मदर्ड मेट. (पटावरचे उभे रकाने पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी त्याच्या बाजूने १ ते ८.) काळा राजा कोपऱ्यात एच८ वर, पुढे जी७ आणि एच७ वर त्याचीच प्यादी, हत्ती एफ८ वर, आपला घोडा एच६ वर. आता वजीर सरळ जी८ वर नेऊन शह द्यायचा! राजा मारू शकत नाही कारण घोड्याचा जोर आहे, हत्तीलाच मारावं लागतं, आणि मग घोडा एफ७ वर, शह आणि मात, राजा आपल्याच माणसांत कोंडलेला. हे एकदा पटावर मांडून बघितलं की आयुष्यात विसरत नाही.

चुकलेलं पझल सोडून पुढे जाऊ नका, बाजूला काढून ठेवा आणि आठवड्याने परत सोडवा. का चुकलं ते एका ओळीत लिहा, "मधला शह दिसला नाही" इतकं पण चालेल.

आता डाव. पहिला डाव कुठला बघायचा तर अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचा, १८५८, पॅरिस, ऑपेरा चालू असताना बॉक्समध्ये बसून खेळलेला, समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर दोघं मिळून. मॉर्फी तेव्हा २१ वर्षांचा. अवघ्या १७ चालींचा डाव आहे. पण पहिल्या चालीपासून नका बघू, आधी सोळावी चाल पझल म्हणून मांडा. काळा राजा अजून ई८ वरच, घोडा डी७ वर, वजीर ई६ वर. पांढऱ्याचा वजीर बी३ वर, हत्ती डी१ वर, उंट जी५ वर. पांढऱ्याची चाल.

थांबा, शोधा.

वजीर बी८ वर, शह! घोड्याने मारावंच लागतं, दुसरी चालच नाही. घोडा डी७ वरून हलला की डी चा उभा रकाना उघडा, हत्ती डी८ वर, मात, कारण डी८ आणि ई७ दोन्हीवर जी५ च्या उंटाची नजर आहे. शेवटी पांढऱ्याकडे प्याद्यांशिवाय एक हत्ती आणि एक उंट उरलाय आणि काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं शिल्लक.

आता खरी मजा, उलटं मागे जा. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती पूर्ण डावात एकदाही हलले नाहीत. का? सातव्या चालीला बी३ वरून वजीराने एफ७ आणि बी७ दोन्हीवर डोळा ठेवला, म्हणून काळ्याने वजीर ई७ वर आणला, आणि त्याच वजीराने स्वतःच्या उंटाची वाट अडवली, उंट अडला म्हणून कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) पण अडलं. मॉर्फीला तिथे बी७ चं प्यादं मिळत होतं, पण मग काळा वजीर बी४ वर नेऊन शह देऊन वजिरावजिरी करून घेणार होता, म्हणून त्याने प्यादं सोडलं आणि सरळ घोडा बाहेर काढला. नवव्या चालीला काळ्याने बी५ करून उंटाला हाकललं तर मॉर्फीने उंट मागे घ्यायच्या ऐवजी घोडा देऊन दोन प्यादी घेतली आणि राजाभोवतीचं दार उघडलं. मग लांब बाजूला कॅसलिंग, एक हत्ती डी७ वर मारून दिला, लगेच दुसरा डी१ वर हजर. म्हणजे तो सोळाव्या चालीचा शह सातव्या चालीपासून पिकत होता. आपल्या डावात पण हेच शोधायचं, समोरच्याचा राजा मध्येच अडकलाय का, त्याची किती मोहरी घरातच बसलीत.

पुढचे डाव बघताना चाली कागदाने झाकायच्या, जिंकणाऱ्याच्या बाजूने स्वतः चाल ठरवायची, मग कागद सरकवायचा. शक्यतो खऱ्या पटावर. अँडरसन-किझेरित्स्की, लंडन १८५१, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात. मग बर्न-फिशर, न्यूयॉर्क १९५६, फिशर तेव्हा १३ वर्षांचा, काळ्याकडून खेळत होता आणि सतराव्या चालीला उंट ई६ वर आणून स्वतःचा वजीर मारू दिला. कास्पारोव-टोपालोव १९९९ जरा मागे ठेवा, तो पचायला वेळ लागतो. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, मात्र सगळ्यात शेवटी, आधी तुमचं उत्तर लिहून मगच.

आणि एक कोडं पटावर मांडूनच ठेवा, रिचर्ड रेतीचं, १९२१. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, डाव बरोबरीत सोडवायचा. राजा त्या काळ्या प्याद्याला कधीच गाठू शकणार नाही असं वाटतं. पहिली चाल देतो, राजा जी७. आता तिरकं चालत तो एकाच वेळी दोन कामं कशी करतोय ते तुम्ही शोधा.